कारवीचे अभ्यासक रे. फा. हर्मेनेगिल्ड सांतापाव, ये. सं.

सह्याद्रीच्या पायथ्याशीं व कोंकणपट्टींत वाढलेल्या मनुष्यास कारवी ठाऊक नाहीं, असें सहसा घडावयाचें नाहीं. आपल्या आजापणज्यांच्या घरांचे कूड पुष्कळदां कारवीचे असत. डोंगरांतून काठ्यांचे भारे आणावे, त्या शेजारींशेजारीं उभ्या करून बांधाव्या, वर शेणमातीचा लेप द्यावा, आणि परमेश्वराचें नांव घेऊन त्या घरांत संसार मांडावा, अशी त्या काळची रीत होती. अशाच भिंतींच्या आड बसून कितीएक पिढ्यांनीं सायंकाळची रोझरी म्हटली. परंतु ज्या झुडपाच्या या काठ्या, त्यास फूल केव्हां येतें, त्याचे सगेसोयरे कोण, आणि त्याच्या कुळाचा शोध घेण्यांत एका कॅथोलिक धर्मगुरूनें किती परिश्रम केले, हें आपणांपैकीं थोड्यांसच ठाऊक असेल. महोत्सव म्हणजे गेलेल्या वर्षांचा हिशेब. कारवी हीदेखील वर्षें मोजणारी वनस्पति आहे. म्हणून या महोत्सवाच्या पुस्तिकेंत रे. फादर हर्मेनेगिल्ड सांतापाव यांचें चरित्र वाचकांपुढें ठेवणें उचित वाटतें.

जन्म व पाचारण

फादर सांतापाव यांचा जन्म ता. ५ डिसेंबर १९०३ रोजीं स्पेन देशाच्या कातालोनिया प्रांतांत, तारागोनाकडील ला गालेरा या लहानशा गांवीं झाला. तो मुलूख ऑलिव्हच्या बागांचा. तरुणपणींच त्यांस देवाचें पाचारण झालें व त्यांनीं येशूसंघांत प्रवेश केला.

त्या काळीं मुंबईच्या मिशनावर एक मोठा प्रसंग येऊन गेला होता. मुंबईचीं विद्यालयें व महाविद्यालय पूर्वीं जर्मन येशूसंघीयांनीं उभारलीं होतीं. पहिल्या महायुद्धांत त्या फादरांस हा देश सोडावा लागला, आणि पुढें त्यांचें कार्य स्पेनमधील येशूसंघीयांच्या स्वाधीन झालें. इतिहाससंशोधक फादर हेरास हे १९२२ सालीं आले ते याच ओघांत. त्याच ओघांत १९२८ सालीं तरुण सांतापाव हिंदुस्थानच्या किनाऱ्यास लागले. जन्मभूमि सोडणें म्हणजे काय, हें आफ्रिकेस, आखातांत वा विलायतेस गेलेल्या आपल्या माणसांस सांगावयास नको. परंतु ते लोक परत येण्याच्या आशेनें जातात. मिशनरी जातो तो सहसा कायमचा.

सांतापाव इकडे आल्यावर स्पेनमध्यें मोठा उत्पात झाला. १९३२ सालीं तेथील सरकारनें येशूसंघ बरखास्त केला, आणि १९३६ सालीं यादवी युद्ध पेटलें, तेव्हां तारागोना प्रांतांतही पुष्कळ धर्मगुरूंनीं आपल्या श्रद्धेसाठीं प्राण दिले. त्या संकटाच्या सुमारास सांतापाव यांनीं लंडन येथें वनस्पतिशास्त्राचें उच्च शिक्षण घेतलें व डॉक्टरची पदवी मिळविली. क्यू येथील जगप्रसिद्ध उद्यानाच्या संग्रहांतही त्यांनीं काम केलें. इंग्रजांच्या राज्यांत हिंदुस्थानांतून गेलेले वाळविलेल्या वनस्पतींचे सहस्रावधि नमुने तेथें जपून ठेविलेले होते. ज्या देशाची सेवा करावयाची, त्याच्या झाडापाल्याची ओळख त्यांस अशा रीतीनें दूरदेशींच घडली.

फादर ब्लॅटर यांचा वारसा

१९४० सालीं फादर सांतापाव मुंबईच्या सेंट झेवियर महाविद्यालयांत वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक झाले. ती जागा रिकाम्या परंपरेची नव्हती. स्वित्झर्लंडमध्यें जन्मलेले फादर एथेलबर्ट ब्लॅटर हे १९०३ सालीं मुंबईस आले होते, आणि ता. २६ मे १९३४ रोजीं देवाघरीं जाईपर्यंत त्यांनीं या देशांतील ताडमाडांपासून काश्मीरच्या फुलांपर्यंत वनस्पतींचा अभ्यास केला होता. त्यांच्या काळीं महाविद्यालयांत जो वनस्पतिसंग्रह आकारास आला, तोच त्यांच्या नांवानें ब्लॅटर हर्बेरियम म्हणून प्रसिद्ध आहे.

हर्बेरियम म्हणजे काय, हें येथें थोडक्यांत सांगणें अवश्य आहे. रानांतून फुलाफळांसह डहाळी आणावयाची, ती कागदांत दाबून वाळवावयाची, जाड कागदावर चिकटवावयाची, आणि कोपऱ्यांत चिठ्ठी लावावयाची. कोणत्या दिवशीं, कोणत्या स्थळीं, कोणी ती तोडिली, फुलाचा रंग कसा होता, झाड किती उंच होतें, हें सारें त्या चिठ्ठीवर लिहावयाचें. असा कागद नीट राखिला तर शंभर-दोनशें वर्षें टिकतो. आपल्या देवळांतील बाप्तिस्म्याच्या नोंदवह्या ज्यांनीं पाहिल्या आहेत, त्यांस या कामाचें मोल सहज कळेल. मनुष्य जातो, पण त्याची नोंद राहते. आणि नोंद खरी असेल तर पणतवासही आपला पणजा सांपडतो.

ही सारी ठेव आतां फादर सांतापाव यांच्या हातीं आली. ठेव राखावयाची म्हणजे नुसती कुलुपांत ठेवावयाची नव्हे, तर ती वाढवावयाची, हें त्यांनीं जाणलें.

कारवीचें कुळ व तिचीं नांवें

मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा मोठा ग्रंथ थिओडोर कुक या विद्वानानें १९०१ ते १९०८ या काळांत प्रसिद्ध केला होता. ग्रंथ उत्तम, परंतु काळ लोटला तसा त्यांतील नांवांचा फेरविचार अवश्य झाला. वनस्पतींच्या नांवांचा एक कायदा आहे. १७५३ सालीं लिनियस या स्वीडिश पंडिताचा ग्रंथ निघाला, तेव्हांपासून जें नांव प्रथम रीतसर प्रसिद्ध झालें तेंच सामान्यतः खरें मानावयाचें, मागाहून दिलेलीं नांवें मागें पडावयाचीं. हा न्याय सरळ, परंतु तो लावणें कठीण. त्यासाठीं जुने लॅटिन ग्रंथ चाळावे लागतात, मूळ नमुने पाहावे लागतात, तारखा पडताळाव्या लागतात. फादर सांतापाव यांनीं हें काम वर्षानुवर्षें केलें, आणि कितीएक झाडांचीं चुकलेलीं नांवें दुरुस्त केलीं.

१९५१ सालीं त्यांचा एक ग्रंथ मुंबई विद्यापीठाच्या मालेंत निघाला. त्याचा विषय अडुळशाच्या कुळांतील मुंबईकडील वनस्पति हा होता. हें कुळ आपल्या अंगणांतलेंच. खोकल्यावर ज्याचा रस देतात तो अडुळसा, कुंपणावरील कोरांटी, केसांत माळावयाची अबोली, हीं सारीं एकाच घराण्यांतलीं. आणि या घराण्याची डोंगरांतील मोठी शाखा म्हणजे कारवी.

कारवीच्या या शाखेस शास्त्रांत स्ट्रोबिलॅन्थिस म्हणतात. हें नांव ब्लूम या शास्त्रज्ञानें जावा बेटांतील वनस्पतींवरून १८२६ सालीं दिलें. ग्रीक भाषेंत त्याचा अर्थ सुरूसारख्या झाडाच्या बोंडाप्रमाणें फुलोरा असलेली, असा होतो. कळ्या उमलण्यापूर्वीं खवल्यांखवल्यांनीं मढलेला कारवीचा तुरा ज्यानें पाहिला असेल त्यास हें नांव किती समर्पक आहे तें पटेल. आशिया खंडांत या शाखेच्या सुमारें ४०० जाती आहेत. आपल्या कारवीस जर्मन पंडित नीस फॉन एझेनबेक यानें १८३२ सालीं कॅलोसा हें उपनांव दिलें. त्या लॅटिन शब्दांत घट्टे पडलेल्या कातडीचा अर्थ आहे, आणि कारवीची खरखरीत, फोडाफोडांची काठी हाताळणाऱ्या आमच्या लोकांच्या हातांसही तसेच घट्टे पडत.

कारवीच्या बहिणीही पुष्कळ. वायटी म्हणून जी आहे तिच्या फुलोऱ्याचा गोंडा चिकट असतो, आणि तिच्या शास्त्रीय नांवाचा अर्थही चिकट डोक्याची असाच आहे. आकरा म्हणून तिसरी आहे, तिला हाइने या मोरेव्हियन मिशनरी वनस्पतिज्ञाचें नांव दिलेलें आहे. साताऱ्याकडील कासच्या पठारावर टोपली कारवी आहे. तिचें झुडूप उपड्या टोपलीसारखें गोल वाढतें, आणि ती सात वर्षांनीं फुलते असें सांगतात. दक्षिणेंत निलगिरी व मुन्नारच्या डोंगरांवर नीलकुरिंजी आहे. ती बारा वर्षांनीं फुलते. १९९४, २००६ व २०१८ या सालीं तिनें डोंगर निळे केले.

आतां या सर्वांची व्यवस्था कशी लावावी, हा प्रश्न पडला. फुलांतील पुंकेसर मोजून, फुलाच्या नळींतील केंस पाहून, बोंडांतील बिया मोजून आणि परागकणांचें बाह्य स्वरूप सूक्ष्मदर्शक यंत्रांतून न्याहाळून शास्त्रज्ञ ही व्यवस्था लावितात. १९४४ सालीं, हॉलंड देश शत्रूच्या ताब्यांत असतां, ब्रेमेकाम्प या डच पंडितानें या एका शाखेचे पन्नासांहून अधिक तुकडे केले. त्यांत आपल्या कारवीस स्वतंत्र घर मिळालें व तिचें नांव कार्व्हिया असें झालें. आपल्या मराठी शब्दास लॅटिनचा वेष चढला, ही गोष्ट मोठ्या गमतीची. कार्व्हिया हें नांव हिंदुस्थानांतील पुष्कळ पुस्तकांत दीर्घकाळ छापिलें गेलें. परंतु पुढें एकविसाव्या शतकाच्या आरंभीं शास्त्रज्ञांनीं दक्षिण हिंदुस्थान व सिंहलद्वीप येथील जाती नव्यानें तपासल्या, आनुवंशिक द्रव्याचीही परीक्षा झाली, आणि ब्रेमेकाम्पचे बहुतेक तुकडे निसर्गाच्या खऱ्या नात्यास धरून नाहींत असें दिसून आलें. म्हणून कारवी पुनः आपल्या जुन्या घरीं परतली, व तिचें नांव आतां स्ट्रोबिलॅन्थिस कॅलोसा असेंच लिहितात.

कोणी म्हणेल, इतक्या खटाटोपाचा उपयोग काय? उपयोग असा कीं, एका गांवीं ज्यास एक नांव, दुसऱ्या गांवीं त्यासच दुसरें. आणि कधीं दोन निराळ्या झाडांस एकच नांव. औषधासाठीं पाला काढणाऱ्याची चूक झाली तर रोग्याच्या जिवाशीं गांठ पडते. आणि जी वनस्पति नांवानें ओळखली जात नाहीं, ती रानांतून नाहींशी झाली तरी कोणास कळत नाहीं.

खंडाळ्याच्या डोंगरांत

फादर सांतापाव यांचें खरें अभ्यासगृह म्हणजे खंडाळ्याचा घाट. प्राध्यापक झाल्यानंतरच्या दशकांत त्यांनीं तेथील दऱ्या व माथे पुनःपुनः पालथे घातले. खंडाळ्याचा पाऊस प्रसिद्ध आहे. धुक्यांत दहा पावलांवरचें दिसत नाहीं. परंतु सह्याद्रीचीं पुष्कळ फुलें पावसाळ्यांतच उमलतात, म्हणून त्यांच्या अभ्यासकास पाऊस टाळून चालत नाहीं. या परिश्रमांचें फळ म्हणजे खंडाळ्याच्या वनस्पतींवरील त्यांचा ग्रंथ. तो १९५३ सालीं निघाला व पुढें त्याच्या आणखी आवृत्त्या झाल्या. पुरंदर व सौराष्ट्र येथील वनस्पतींवरही त्यांनीं लिहिलें. सौराष्ट्राचा ग्रंथ १९६२ चा.

कारवीच्या बहराविषयीं त्यांनीं मुंबईच्या निसर्गेतिहास मंडळाच्या नियतकालिकांत लेख लिहिले. १९६२ सालीं तर कारवीचें कुळ व बांबू यांच्या एकदम फुलण्यावर त्यांचा विस्तृत लेख आला. हा विषय खरोखरच आश्चर्याचा आहे. कारवीचें बीं पावसांत रुजतें. रोप वाढूं लागतें, दरवर्षीं पावसांत पालवतें, उन्हाळ्यांत झडतें, आणि सात वर्षेंपर्यंत त्यास एकही फूल येत नाहीं. आठव्या वर्षीं पावसाळा सरत आला म्हणजे एकाएकीं डोंगराचा डोंगर निळ्याजांभळ्या फुलांनीं भरून जातो. एक झुडूप नव्हे, दहा नव्हेत, तर त्या उतारावरचीं बहुतेक सारीं. मधमाशांची गर्दी उसळते, आणि त्या वर्षींचा मध गडद व दाट असतो. मग फुलें गळतात, बोंडें धरतात, आणि सारें रान वाळून मरतें. वाळलेलीं बोंडें पुढल्या पावसाळ्यापर्यंत तशींच काठीवर राहतात. ओल लागली कीं तडतड फुटून बीं दूर उडवितात, आणि नवें रान रुजूं लागतें. एका डोंगराचें वर्ष दुसऱ्या डोंगराच्या वर्षाशीं जुळेलच असें नाहीं. मुंबईजवळील बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानांत हा बहर २०००, २००८, २०१६ व २०२४ या सालीं आला.

असा अभ्यास घाईनें होत नाहीं. ज्यास कारवीचे तीन बहर एकाच स्थळीं पाहावयाचे असतील त्यानें सोळा वर्षें तेथें धीर धरिला पाहिजे. मध्यंतरीच्या वर्षांत रान पाहणाऱ्यास तेथें कांहींच घडत नाहीं असें वाटेल. परंतु मुळें खोल जात असतात, उतारावरची माती धरून ठेवीत असतात, आणि आंतल्याआंत वर्षांची गणना चालूच असते. धर्मगुरूच्या कामाचें स्वरूपही असेंच नव्हे काय? मुलांस ख्रिस्तशिक्षण द्यावें, रोग्यांस भेटावें, दरवर्षीं तेंच करावें, आणि फळ कोणत्या वर्षीं येईल तें देवावर सोंपवावें.

राष्ट्राच्या सेवेंत

देश स्वतंत्र झाल्यावर परदेशीं जन्मलेल्या मिशनऱ्यांपुढें एक प्रश्न उभा राहिला. फादर सांतापाव यांनीं त्याचें उत्तर कृतीनें दिलें. त्यांनीं हिंदी नागरिकत्व स्वीकारलें आणि या भूमीस आपली भूमि मानिलें.

१८९० सालीं स्थापन झालेल्या भारतीय वनस्पति सर्वेक्षण खात्याची १९५४ सालीं पुनर्रचना झाली. पुढें फादर सांतापाव या खात्यांत दाखल झाले व १९६१ सालीं त्याचे संचालक झाले. झगा घालणारा येशूसंघीय कलकत्त्यास सरकारी खात्याचा प्रमुख म्हणून बसतो, हें दृश्य त्या काळीं विरळाच. पदामुळें त्यांचें मूळ काम सुटलें नाहीं. पक्षिशास्त्रज्ञ सलीम अली यांच्याबरोबर त्यांनीं निसर्गेतिहास मंडळाच्या नियतकालिकाचें संपादनही केलें होतें. विद्वानांसाठीं लिहितांना त्यांनीं सामान्य वाचकासही विसरलें नाहीं. आपल्या नेहमींच्या पाहण्यांतील झाडांवर त्यांनीं लिहिलेलें सोपें पुस्तक १९६६ सालीं नॅशनल बुक ट्रस्टनें प्रसिद्ध केलें.

स्पेन देशानें त्यांस विद्वानांस दिला जाणारा आल्फोन्सो राजाच्या नांवाचा बहुमान दिला. हिंदुस्थानांत त्यांस बिरबल साहनी पदक मिळालें, आणि १९६७ सालीं भारत सरकारनें पद्मश्री देऊन त्यांचा गौरव केला. ता. १३ जानेवारी १९७० रोजीं, वयाच्या ६७ व्या वर्षीं, त्यांचें देहावसान झालें. त्यांनीं हातीं घेतलेला हिंदुस्थानांतील सपुष्प वनस्पतींचा कोश त्यांच्या मागें १९७३ सालीं प्रसिद्ध झाला.

एका नांवाची गोष्ट

शेवटीं एक लहानशी गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं. मदुराईकडील एका वनस्पतीच्या अभ्यासांत खात्यांतील दोन शास्त्रज्ञांना ती निराळ्या वंशाची वाटली. १९६४ च्या सुमारास त्यांनीं त्या वंशास फादरांच्या गौरवार्थ सांतापावा असें नांव दिलें. ती वनस्पतिही अडुळशाच्याच कुळांतली, म्हणजे कारवीची नातलग. परंतु पुढें अधिक तपासणी झाली, तेव्हां ती निराळी नसून आपल्या तालीमखान्याच्या वंशांतलीच आहे असें ठरलें, आणि सांतापावा हें नांव मागें पडलें.

वाचकहो, यांत हळहळण्यासारखें कांहीं आहे काय? ज्या नियमानें फादरांनीं इतरांचीं नांवें दुरुस्त केलीं, त्याच नियमानें त्यांच्या सन्मानाचें नांवही बाजूस सारलें गेलें. सत्याची सेवा करणाऱ्यास याहून निराळें मागणें शोभत नाहीं. उत्पत्तीच्या पुस्तकांत आदामानें प्राण्यांस नांवें दिल्याचें आपण ऐकतों. नांव देणें म्हणजे मालकी सांगणें नव्हे, तर निर्माणकर्त्याच्या कृतीकडे लक्ष देणें होय. सांतापाव यांनीं तें लक्ष जन्मभर दिलें. त्यांच्या नांवाचा वंश राहिला नाहीं, परंतु त्यांनीं चिठ्ठ्या लावून ठेविलेले कागद ब्लॅटर हर्बेरियममध्यें आहेत, आणि कारवी त्यांनीं पाहिलेल्या डोंगरांवर आहे.

आतां आपलीं घरें विटांचीं व सिमेंटचीं झालीं. कारवीचा कूड दुर्मिळ झाला. काठी लागत नाहींशी झाली म्हणून झाडही विसरावें, हें बरें नव्हे. डोंगराचे उतार फोडून जेथें रस्ते व वसाहती होतात, तेथें कारवीचें रान एकदां गेलें कीं तिचा आठ वर्षांचा क्रम कायमचा तुटतो. कारण तिचें बीं दूरवर जात नाहीं. बोरिवलीच्या रानांत पुढचा बहर नियमाप्रमाणें २०३२ सालीं यावयाचा आहे. त्या वर्षीं आपल्या मुलांनातवंडांस घेऊन अवश्य जावें. पूर्वजांच्या भिंती कशाच्या होत्या तें त्यांस दाखवावें, आणि दूरदेशाहून येऊन आपल्या डोंगरांचा झालेल्या या धर्मगुरूच्या आत्म्यासाठीं तेथेंच एक नमो मरिया म्हणावी.